वाळताना

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या पडतात. आईनं ऐंशी ओलांडली तरी प्लॅस्टिक ताणून चारी कोपऱ्यांवर विटा तीच ठेवते. मी फक्त पातेलं वर नेण्यापुरती. शिजलेला साबुदाणा डावानं टाकायचा, डावाच्याच पाठीनं जरा फिरवायचा, की पुढची. सकाळी वाकून बघितलं तर पापडीतला दाणा न दाणा मोत्यासारखा टपोरा असतो, उन्हात चमकत असतो. संध्याकाळी तीच पापडी उचलावी तर कागद. दाणे आहेत, पण चपटे, एकमेकांत दबलेले, आणि कडा वर वळलेल्या.

यंदा मी एक पापडी उजेडाकडं धरून बघत बसले होते.

"काय शोधतेस?" आईनं विचारलं.

"दाणा चपटा कसा होतो ते बघतेय."

"पाणी जाताना सगळं ओढत नेतं गं," ती म्हणाली आणि वीट सरळ करायला लागली.

सव्वीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं मी. दरवर्षी एका तासाला फळ्यावर एक आकृती काढायची: वर कोनाकोनांचं डोकं, खाली दांड्यासारखी शेपटी, शेपटीच्या बुडाशी चकती आणि कोळ्यासारखे सहा पाय. जिवाणूंना खाणारा विषाणू, बॅक्टेरिओफेज, आमच्या बोलण्यात नुसता फेज. ही आकृती मुलांना फार आवडते. इतर वेळी वहीत रेघ न ओढणारा मुलगासुद्धा ही मन लावून काढतो, कुणी तिला रॉकेट म्हणतं, कुणी चांद्रयान. पण हा प्राणी पायावर उभा आहे हे कुणी कसं पाहिलं, हा प्रश्न एकाही वर्गानं विचारला नाही. मुलांना कशाला बोल लावू, मलाही तो पडला नव्हता. फेज उभा असतो हे ज्यानं फोटोत दाखवलं आणि आईचं ते वाक्य सगळ्यात गंभीरपणे घेतलं असतं, त्या माणसाचं नाव टॉमस अँडरसन. आमच्या पाठ्यपुस्तकात ते कुठंही नव्हतं.

माझी फेजशी पहिली गाठ पडली ती गटारात. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला हॉस्टेलच्या मागच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं, गाळायचं, त्यातले जिवाणू मारायचे आणि उरलेलं पाणी ई. कोलाय या जिवाणूत मिसळून पातळ अगारबरोबर, म्हणजे जेलीसारख्या गोठणाऱ्या द्रवाबरोबर, पेट्रीडिशमध्ये ओतायचं. पहिल्या खेपेला मी अगार कढत असतानाच ओतलं. दुसऱ्या दिवशी डिश कोरी करकरीत. फेज राहू दे, जिवाणूच शिजून गेले होते. दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. ट्यूबलाइटखाली डिश धरली तर जिवाणूंचा दुधाळ थर आणि त्यात सुईनं टोचल्यासारखी स्वच्छ गोल भोकं. प्रत्येक भोकाच्या मुळाशी एकच फेज. त्यानं एक जिवाणू गाठला, आत शेकड्यांनी पिलावळ झाली, जिवाणू फुटला, पिलावळीनं शेजारचे गाठले. भोक दिसतं, पाडणारा दिसत नाही.

ही न दिसण्याची अवस्था बरीच वर्षं टिकली. १८९६ साली आग्र्याला अर्नेस्ट हँकिन या इंग्रज जिवाणूतज्ज्ञानं लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. (या एका निरीक्षणावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर कुंभमेळ्याला जे पीक येतं त्याबद्दल मी काही बोलणार नाही. उकळल्याचं वाक्य त्यातून नेमकं गळलेलं असतं.) ते फेजच होते का, हे त्या नोंदीवरून छातीठोक सांगता येत नाही. १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टनं आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स द'हेरेलनं स्वतंत्रपणे ही भोकं पाहिली. द'हेरेलनं नाव दिलं, जिवाणूभक्षक. पण तो खरंच कुणी जीव आहे की जिवाणूतूनच पाझरणारं एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, यावर पुढची वीसेक वर्षं भांडणं झाली. न दिसणाऱ्या गोष्टीवर भांडायला बरं असतं.

अँडरसन विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकचा, जन्म १९११. शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ. १९४० मध्ये त्याला एक विचित्र शिष्यवृत्ती मिळाली: आरसीए या रेडिओ आणि ग्रामोफोन बनवणाऱ्या कंपनीनं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला होता, त्यातून जीवशास्त्रातलं काय काय दिसतं ते दोन वर्षं बघायचं. जागा न्यू जर्सीतलं कॅम्डेन. भोंग्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा आठवतो ना, आपल्याकडच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवरचा? त्याच कुत्र्याचं चित्र आरसीए व्हिक्टरचंही. माझ्या आजोबांकडं बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या. तो कुत्रा आणि फेज यांचं गाव एक निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

साल्व्हादोर लुरिया हा फेजवर काम करणारा शास्त्रज्ञ तेव्हा इटलीतून निसटून न्यू यॉर्कला आला होता. तो फेज घेऊन अँडरसनकडं गेला आणि १९४२ मध्ये दोघांनी काढलेले फेजचे फोटो छापून आले. गोल डोकं, बारीक शेपटी, बेडकाच्या पिल्लासारखं काहीतरी. जर्मनीत हेल्मुट रुस्कानं याआधी फेजचे फोटो काढले होते, पण महायुद्धाच्या त्या दिवसांत इकडचं तिकडं कळायला वेळ लागे. सेंट लुइसला जॅक ब्रॉनफेनब्रेनर नावाचे प्राध्यापक होते. फेजवर त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांना अँडरसननं फोटो दाखवला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, अरे देवा, यांना तर शेपट्या आहेत! हा किस्सा अँडरसननंच पुढं लिहून ठेवला. मला त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांचं फार वाटतं. इतकी वर्षं भोकं मोजली, आणि एका दुपारी कुणीतरी शेपटी दाखवतो.

फोटो आले तरी एक गोष्ट अडली, आणि अँडरसनचं वेगळेपण इथून सुरू होतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी लागते. हवेचे रेणू मधे आले तर इलेक्ट्रॉन भरकटतात. पोकळीत ओली वस्तू ठेवली तर पाणी उकळून उडून जाईल. म्हणून जे बघायचं ते आधी वाळवायचं. आणि वाळवलं की साबुदाण्याचं होतं तेच जिवाणूचं आणि फेजचं होतं. फुगीर जिवाणू पातळ पोळीसारखा पसरतो, भोवतीचे फेज जमीनदोस्त होतात. कुणाचं डोकं जिवाणूला लागलेलं, कुणाची शेपटी, कुणी आडवा, कुणी अर्धा दबलेला. फेज जिवाणूला डोक्यानं चिकटतो की शेपटीनं, हा साधा प्रश्न. पण चपट्या चित्रात त्याचं उत्तर मिळेना, कारण पडलेल्या माणसाकडं बघून तो कसा उभा होता हे सांगता येत नाही.

वाळताना हे का होतं यावर अँडरसन नीट थांबला. चित्रकलेचा ब्रश पाण्यात बुडवा, केस मोकळे तरंगतात. बाहेर काढा, सगळे मिळून एक टोक होतं. ब्रश पाण्यात असतानाही ओलाच होता, तेव्हा ओलेपणाचा हा दोष नव्हे. केस बाहेर येताना पाण्याचा पृष्ठभाग त्यांच्यावरून सरकतो, त्या पृष्ठभागाला ताण असतो आणि तो केसांना आवळतो. ब्रशच्या केसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण फेजएवढ्या लहान वस्तूवरून हा पृष्ठभाग उतरत जातो तेव्हा त्याचा जोर तिला चिरडायला पुरतो. म्हणजे पाणी जाण्यानं नुकसान होत नाही. पाण्याचा पृष्ठभाग अंगावरून जातो, त्यानं होतं.

मग पृष्ठभागच नसेल तर?

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एखादा द्रव बंद भांड्यात तापवत नेला की द्रव विरळ होत जातो आणि वरची वाफ दाट होत जाते. एका ठराविक तापमानाला आणि दाबाला दोघांची घनता सारखी होते आणि मधली रेघ नाहीशी होते. भांड्यात काय आहे, द्रव की वायू, असं विचारण्यात अर्थ उरत नाही. पाण्याच्या बाबतीत हा टप्पा ३७४ अंश सेल्सिअसला येतो, तिथं फेज काय, काहीच टिकणार नाही. पण कार्बन डायऑक्साइडचा टप्पा ३१ अंशाला, हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली. ३१ अंश म्हणजे आमच्या गच्चीवर एप्रिलात सकाळी दहालाच होतात.

पंगतीत पदार्थ एकामागून एक यावेत तशी पुढची कृती: आधी पाणी काढून अल्कोहोल. मग अल्कोहोल काढून अमाइल ॲसिटेट, ज्याला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. मग दाबाखाली द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक वेळी एकात दुसरं मिसळणारं, त्यामुळं मधे कुठंच पृष्ठभाग नाही. शेवटी हळूहळू ऊब द्यायची, ३१च्या वर न्यायचं, आणि वायू सावकाश सोडून द्यायचा. नमुना कोरडा होतो, पण त्याच्या अंगावरून पाण्याची कड म्हणून जातच नाही. १९५१ च्या सुमारास अँडरसननं ही पद्धत मांडली आणि नमुन्यांचे दोन कोनांतून जोडफोटो काढले, म्हणजे दोन डोळ्यांनी खोली दिसावी.

त्या फोटोंत जिवाणू फुगीर होता आणि त्याच्या अंगावर फेज उभे होते. शेपटीचं टोक जिवाणूला, डोकं बाहेर.

मी फळ्यावर जे काढत आले ते हे. सव्वीस वर्षांत त्या पायांखाली केळ्याचा वास असेल असं मला कधी वाटलं नाही.

अँडरसनच्या हातून झालेल्या दुसऱ्या गोष्टी मी जरा भरभर सांगते, एक सोडून. मिठाच्या दाट द्रावणात ठेवलेले फेज एकदम साध्या पाण्यात टाकले की त्यांच्या डोक्यातलं सगळं बाहेर पडतं आणि रिकामी टरफलं उरतात, हे त्यानं दाखवलं. या टरफलांना भुतं म्हणतात, आजही, शोधनिबंधातसुद्धा. भुतं जिवाणूला चिकटतात, पण त्यांची पिलावळ होत नाही. आता शेपटीवर उभा फेज आणि ही भुतं शेजारी ठेवा. १९५० किंवा ५१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत स्लाइड प्रोजेक्टरच्या टेबलावर वाकून अँडरसन आणि आल्फ्रेड हर्शी एका शक्यतेवर हसत होते, अशी अँडरसनची आठवण आहे. शक्यता अशी की जिवाणूच्या आत जातो तो फक्त डीएनए, बाकी फेज बाहेरच लटकत राहतो. तेव्हा ती त्यांना अगदीच हास्यास्पद वाटली होती.

१९५२ मध्ये हर्शी आणि मार्था चेस यांनी तीच शक्यता स्वयंपाकघरातल्या मिक्सरनं तपासली. फेजच्या प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची खूण, डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची. जिवाणूला फेज चिकटले की मिक्सर फिरवून टरफलं झटकून टाकायची. गंधक बहुतेक बाहेर राहिलं, फॉस्फरस बहुतेक आत गेला. आनुवंशिकतेचा द्रव्यपदार्थ डीएनए, हे त्यानंतर बहुतेकांना पटलं. हा प्रयोग प्रत्येक पुस्तकात आहे, प्रत्येक परीक्षेत येतो, मीही सहा गुणांना घातलेला आहे. १९६९ चं नोबेल डेलब्रुक, हर्शी आणि लुरिया यांना मिळालं. चेस त्यात नव्हती, अँडरसनही नव्हता. नोबेल समितीशी माझं भांडण नाही, भांडण आमच्या अभ्यासक्रमाशी आहे. मिक्सर आहे आणि वाळवण नाही, असं का? मिक्सरनं काय वेगळं करायचं, हे आधी कुणाला तरी दिसलं होतं म्हणून मिक्सर लावला.

सोडलेली एक गोष्ट ट्रिप्टोफॅनची. चाळिशीच्या दशकात अँडरसनला आढळलं की टी-४ या फेजचे काही वाण मांसाच्या अर्कात वाढवलेल्या जिवाणूंना धरतात, पण साध्या क्षार-साखरेच्या पाण्यात तेच जिवाणू समोर असून धरत नाहीत. चिमूटभर ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल, घातलं की लगेच धरतात. का? तेव्हा कळलं नाही. बऱ्याच वर्षांनी फोटो सुधारले तेव्हा दिसलं की या वाणांचे सहा लांब पाय एरवी शेपटीला चिकटवून वर दुमडलेले असतात. ट्रिप्टोफॅन मिळालं की पाय सुटतात. जेवणाचा वास आल्याशिवाय पाट मांडायचा नाही, अशी ही हिशेबी व्यवस्था. पंचवीस वर्षांखालच्या माझ्या पेट्रीडिशा कधी उगाच कोऱ्या राहिल्या त्यातल्या काही याच कारणानं राहिल्या असतील का, असा मनाला बरा वाटणारा विचार येतो. बहुतेक नसाव्यात. अगार कढतच असायचं.

पुढं हा प्रांत फार मोठा झाला. १९५९ मध्ये सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्न यांनी केंब्रिजला एक युक्ती रूढ केली. शाळेत आपण पान कागदावर ठेवून टूथब्रशनं रंग उडवायचो, पान उचललं की कागदावर पांढरं पान उरायचं. तसं फेजभोवती टंगस्टनच्या क्षाराचा दाट रंग वाळू द्यायचा. रंग काळा, फेज पांढरा. या फोटोंत शेपटीचं बाह्य आवरण आखडलेलं स्पष्ट दिसलं. १९६८ मध्ये केंब्रिजलाच डेव्हिड डिरोझिए आणि आरन क्लुग यांनी टी-४ च्या शेपटीच्या सपाट फोटोतून गणितानं तिचा त्रिमित आकार उभा केला. शेपटी मळसूत्रासारखी, त्यामुळं एकाच फोटोत तिच्या कणांच्या अनेक बाजू आपोआप आलेल्या होत्या. क्लुगला १९८२ चं नोबेल मिळालं. आणि ऐंशीच्या दशकात जाक दुबोशेनं अँडरसनच्या प्रश्नाला उलटं उत्तर दिलं: पाणी काढायचंच कशाला? ते इतकं झटकन गोठवायचं की बर्फाचे स्फटिक व्हायला सवडच मिळू नये, काच व्हावी. फेज त्या काचेत ओला असताना होता तसाच.

त्या काचेतल्या हजारो फोटोंतून अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-४ चा एकेक भाग उलगडला. आकडे कोरडे वाटतात म्हणून मी ते दहा लाख पटींनी मोठे करून बघते. मग टी-४ चं डोकं १२ सेंटिमीटर लांब होतं, मध्यम नारळाएवढं. ई. कोलाय दोन मीटरचा, म्हणजे पलंगाएवढा. आणि नारळात भरलेला डीएनए म्हणजे २ मिलिमीटर जाडीची सुमारे ५७ मीटर सुतळी. एवढी सुतळी नारळात कोंबायला डोक्याच्या तोंडाशी एक मोटर असते, ती डोकं भरलं की गळून जाते आणि तिच्या जागी शेपटी बसते. शेपटीचं आवरण १३८ सारख्या प्रथिनांचं, सहा-सहांची २३ कडी. पायांना जिवाणू लागला की बुडाची षटकोनी चकती उघडून चांदणी होते, आणि आवरण याच मोठ्या मापात ९.२ सेंटिमीटरवरून ४.२ वर येतं. अंगरख्याची बाही कोपराच्या वर सरकवल्यासारखं. बाही आखडते, हात आखडत नाही. आतली नळी तेवढीच राहते, म्हणून ती पुढं निघते आणि जिवाणूच्या भिंतीत शिरते. मग सुतळी सुटते. कुठं इंधन जळत नाही. सगळा जोर जोडणीच्या वेळीच ताणून ठेवलेला.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मुलांची सहल घेऊन एका मोठ्या संस्थेत गेले होते. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत आमच्या नाल्यातल्या फेजचा नमुना लावून दाखवायचं त्यांनी कबूल केलं. खोली थंड, अंधारी. पडद्यावर राखाडी चिखल, त्यात धुळीसारखं काहीबाही. यंत्र चालवणारा तरुण होता, सरावलेला, चाक फिरवत भराभर पुढं जात होता. मग एक आला. डोकं पांढरं, नीट कोनाचं, शेपटी सरळ. मुलांनी "ओऽऽ" केलं. माझ्या फळ्यावरची आकृती, पण ही जरा कलली होती आणि तिचे दोनच पाय दिसत होते.

"मॅडम, अजून चांगला मिळतो का बघू," तो म्हणाला आणि सरकला.

पुढचा फेज आला तो डोक्यात काळा. रंग आत शिरलेला, म्हणजे डोकं रिकामं. आवरण आखडून वर गेलेलं, आतली नळी बाहेर आलेली, समोर जिवाणू नाही. कुणाच्या तरी अंगात सुतळी सोडून आला असेल, नाहीतर वाटेत कुठं फुकट उडालेला.

"हा रिकामा आहे," तो म्हणाला, "पुढं जाऊ या." त्याचा हात चाकावर गेला.

"थांबा जरा," मी म्हटलं.